कृष्णा-कोयनेच्या माथ्यावरील विझलेल्या भट्ट्या

प्रेक्षणीय स्थळें म्हटलीं कीं किल्ले, लेणीं, देवळें आणि घाट हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. राजांनीं बांधलेलें, भिक्षूंनीं कोरविलेलें किंवा भाविकांनीं उभारलेलें जें कांहीं काळाच्या ओघांत मोडून पडलें, त्यास आपण आदरानें 'अवशेष' म्हणतों, त्याचीं चित्रें घेतों आणि मुलांना तेथें सहलीस नेतों. परंतु ज्या जागीं साध्यासुध्या माणसांनीं पिढ्यान् पिढ्या माती खणली, दगड फोडला आणि आगीशीं झुंजून त्यांतून धातु काढला, ती जागा उजाड झाली म्हणजे तिला नांवही उरत नाहीं. गुराखी तिच्यावरून जातो, पाऊस तिला धुतो आणि आपण मोटारींतून तिच्या शेजारून निघून जातों. अशा एका बिननांवाच्या जागेची हकिगत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

आम्ही कराडचे राहणारे. आमच्या गांवीं कृष्णा आणि कोयना या दोन नद्या समोरासमोर येऊन भेटतात आणि मग एक होऊन पूर्वेकडे वळतात, हें सर्वांस ठाऊक आहे. दोघींचें माहेर एकच, महाबळेश्वराचा डोंगर. कृष्णा वाईच्या बाजूनें उतरते. कोयना जावळीच्या दाट खोऱ्यांतून दक्षिणेस वाहत येऊन हेळवाकापाशीं एकाएकीं पूर्वेस वळते आणि पाटणावरून कराडास येते. संगमावरील वाळूंत लोहचुंबक फिरविला तर त्यास काळे बारीक कण चिकटून येतात. आम्हीं वर्गांतील मुलांकडून हा प्रयोग पुष्कळदां करविला आहे. ते कण म्हणजे सह्याद्रीच्या काळ्या खडकांतील लोहमिश्रित खनिज. डोंगर झिजतो आणि त्याचें लोखंड कणाकणानें आपल्या दारीं येतें. मात्र एके काळीं हें लोखंड डोंगराच्या माथ्यावरच गाळून काढणारी माणसें तेथें राहत होतीं, ही गोष्ट फार थोड्या लोकांस माहीत आहे.

सह्याद्रीचा मुख्य खडक म्हणजे सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं थरावर थर पसरलेला लाव्हारसाचा काळा पाषाण. महाबळेश्वराचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें १३७२ मीटर, म्हणजे ४५०० फूट उंच आहे. तेथील मुसळधार पावसानें या पाषाणांतील विरघळणारे अंश लक्षावधि वर्षें धुऊन नेले आणि वर जो तांबडा, सच्छिद्र थर उरला, तोच आपला जांभा दगड. इ. स. १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांत फ्रान्सिस बुकानन यानें मलबारांतील अशाच दगडास लॅटराइट हें नांव दिलें. लॅटिन भाषेंत 'लेटर' म्हणजे वीट, आणि हा दगड विटेप्रमाणें कापतां येतो. त्याचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा आहे. जेथें हा अंश अधिक दाटला, तेथील जड व तपकिरी खडे म्हणजेच लोखंडाची धाऊ. संस्कृत 'धातु' शब्दाचेंच हें घरगुती रूप असावें असें आम्हांस वाटतें.

ही धाऊ वेंचून गाळणाऱ्या लोकांस 'धावड' म्हणत. मोल्सवर्थच्या कोशांतही हा शब्द लोखंड गाळणाऱ्यांचें नांव म्हणून आला आहे. सातारा व कोल्हापूर या प्रदेशांतील धावड हे धर्मानें मुसलमान. महाबळेश्वराच्या डोंगरांत त्यांच्या वस्त्या होत्या. कोल्हापूर संस्थानांतही विशाळगड, पन्हाळा आणि भुदरगड या बाजूंस लोखंड गाळण्याचा धंदा चाले. पुष्कळ वर्षांपूर्वीं जिल्ह्याचें जुनें गॅझेटियर चाळतांना ही माहिती आमच्या वाचनांत आली आणि तेव्हांपासून त्या जागा एकदां डोळ्यांनीं पाहाव्या अशी इच्छा मनांत होती. गेल्या मार्गशीर्षांत ती पुरी झाली.

आमच्यासोबत आमचे धाकटे बंधु, पुतण्या, सूनबाई आणि दोन नातवंडें अशी मंडळी होती. मुलांचा सारा ओढा अर्थातच स्ट्रॉबेरीकडे आणि घोड्यांकडे होता. परंतु तो सोहळा आटोपल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही बाजारपेठ मागें टाकून कोयनेच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या एका सोंडेवरील लहानशा वाडीकडे निघालों. जांभूळ, हिरडा आणि अंजनी यांच्या खुज्या रानांतून पायवाट गेली आहे. वाडीच्या मागें उतारावर झाडी एकदम विरळ होते आणि पायांखालीं खळखळ असा निराळाच आवाज होऊं लागतो. आमचा नातू प्रथम थांबला. "आजोबा, हे दगड दगडासारखे वाजत नाहीत," असें तो म्हणाला.

तो दगड नव्हताच. तें लोहकीट होतें. भट्टींतून वाहून बाहेर आलेली आणि थिजलेली ही मळी काळी, जड, कोठें कांचेसारखी चकचकीत तर कोठें मधमाशांच्या पोळ्यासारखी छिद्रांची असते. पातळ गूळ परातींत ओतल्यावर त्याच्यावर जशा सुरकुत्या पडतात, तशाच सुरकुत्या तिच्या पृष्ठभागावर दिसतात. कांहीं तुकड्यांत कोळशाचे ठसे उमटले होते. लांकूड केव्हांच राख होऊन गेलें, पण त्याच्या शिरा त्या काळ्या मळींत राहिल्या आहेत. मधून मधून भाजून लाल झालेल्या मातीच्या नळ्यांचे तुकडे सांपडतात. एक टोंक आगीनें वितळून काळें झालेलें आणि दुसरें जसेंच्या तसें. भात्याचा वारा भट्टींत नेणाऱ्या त्या नळ्या होत. भट्टी अशी एकही उभी नाहीं. एका ठिकाणीं भाजक्या मातीचें हातभर रुंदीचें अर्धें कडें तेवढें जमिनीबरोबर दिसतें. एवढाच काय तो सारा 'कारखाना'.

या भट्टीची रीत समजून घेण्याजोगी आहे. लोखंड वितळावयास सुमारें १५३८ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. मातीच्या लहान भट्टींत व चामड्याच्या भात्यांनीं तेवढी उष्णता टिकवितां येत नाहीं. मग लोखंड निघे कसें? तर तें वितळवावयाचेंच नसे. भट्टींत धाऊ आणि लांकडी कोळसा यांचे एकावर एक थर घालावयाचे आणि खालून दोन भाते आळीपाळीनें, क्षणभरही खंड न पडूं देतां, चालवावयाचे. कोळसा अर्धवट जळून जो वायु निघतो, तो धाऊंतील प्राणवायु ओढून घेतो आणि लोखंड मोकळें होतें. सुमारें १२०० अंशांवर दगडामातीचा अंश, कांहीं लोखंडासह, वितळून पातळ होतो आणि खालच्या छिद्रांतून वाहून जातो. तेंच हें कीट. भट्टीच्या तळाशीं उरतो तो स्पंजासारखा मऊ, तापून पांढरा झालेला लोखंडाचा गोळा. तो भट्टी फोडून बाहेर ओढावयाचा आणि तापलेला असतांनाच घणाखालीं ठोकून ठोकून त्यांतील उरलेली मळी पिळून काढावयाची. इतके श्रम झाल्यावर हातीं येई तें नांगराच्या फाळास, विळ्यास, घोड्याच्या नालेस योग्य असें चिवट लोखंड. आणि कोळसा खर्च होई तो त्या लोखंडाच्या वजनाच्या कित्येक पट. ही शेवटची गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढची सारी कथा तिच्याभोंवतीं फिरते.

ही विद्या आपल्या देशांत किती जुनी आहे? नागपूर जिल्ह्यांतील नैकुंड येथें पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनीं केलेल्या उत्खननांत लोखंड गाळण्याची एक भट्टी सांपडली. तिचा काळ इ. स. पूर्वीं सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत खाणींचा व्यवहार पाहणारा आकराध्यक्ष आणि धातूंचा व्यवहार पाहणारा लोहाध्यक्ष असे स्वतंत्र अधिकारी सांगितले आहेत. छांदोग्य उपनिषदांत उद्दालक आरुणि आपल्या पुत्रास, श्वेतकेतूस, समजावून सांगतो कीं नख कापण्याचें एक हत्यार नीट जाणलें म्हणजे लोखंडाचें जें जें म्हणून होतें तें सर्व जाणलें जातें. हा दृष्टांत आम्हीं वर्गांत वर्षानुवर्षें शिकविला. परंतु हातांत कीट घेऊन त्या उतारावर उभे राहिलों तेव्हां असें मनांत आलें कीं ऋषींना हा दृष्टांत सुचण्यापूर्वीं कोणीतरी तें हत्यार घडविलें असलेंच पाहिजे, आणि त्याच्याही पूर्वीं कोणीतरी भाता ओढला असला पाहिजे. आमच्या कराडजवळ आगाशिवाच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंचीं पन्नासाहून अधिक लेणीं आहेत. तीं ज्या छिन्न्यांनीं कोरलीं, त्या छिन्न्यांचें लोखंडही अशाच कोणाच्या तरी घामांतून निघालें असणार.

सूनबाईंनीं एक तुकडा उचलून विचारलें, "मामंजी, वैद्यांचा मंडूर म्हणतात तो हाच का?" प्रश्न अगदीं योग्य होता. आयुर्वेदांत पांडुरोगावर जें मंडूरभस्म सांगितलें आहे, तें जुन्या लोहकिटाचेंच करतात. रसग्रंथांत त्याची प्रतवारी मोठ्या काळजीनें दिली आहे: शंभर वर्षांहून जुनें कीट उत्तम, ऐंशी वर्षांचें मध्यम, साठ वर्षांचें कनिष्ठ, आणि त्याहून नवें तें विषासमान. म्हणजे जुने वैद्य औषधासाठीं बंद पडलेल्या भट्ट्यांचे ढीग शोधीत असले पाहिजेत. अर्थात् कोणीही तें उचलून आणून घरीं कुटूं नये. शोधन, मारण आणि जाणत्या वैद्याची देखरेख यांवांचून तें औषध नव्हे.

वाडींतील एक वृद्ध गृहस्थ आमची गडबड पाहून काठी टेकीत वर आले. आम्ही शाळामास्तर आहों असें कळल्यावर ते धोंड्यावर बसले आणि मोकळेपणानें बोलूं लागले. "मास्तर, हे काळे धोंडे आमच्या पूर्वजांचे. भट्टी मी पाहिली नाही. माझ्या आजानंही पाहिली नव्हती. त्यानं मध गोळा केला, गवत कापलं, पावसाळ्याआधी बंगल्यांना गवताचे आडोसे बांधले. पण धावड हे नाव आम्ही सोडलं नाही." आम्हीं विचारलें, "चाचा, काम गेलें तेव्हां घरांत काय बोलणें झालें असेल, कोणी कधीं सांगितलें का?" ते जरा थांबून म्हणाले, "आजा एवढंच सांगायचा, की लोखंड होतं, हात होते, कोळसा तेवढा बंद झाला."

वृद्धांच्या या वाक्यांत साऱ्या इतिहासाचें सार आलें आहे. १८२८ सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं छत्रपति प्रतापसिंह महाराजांच्या राज्यांतील या डोंगरावर हवा खाण्याचें ठाणें वसविलें आणि त्यास माल्कमपेठ हें नांव पडलें. १८४८ सालीं सातारचें राज्य खालसा झालें. पुढें १८६५ आणि १८७८ सालीं जंगलाचे कायदे झाले आणि ज्या रानांतून धावड कोळसा पाडीत, तें रान सरकारी झालें. त्याच सुमारास दुसरीकडून विलायती लोखंड येऊं लागलें. इंग्लंडांत १७०९ सालीं अब्राहम डार्बी यानें लांकडी कोळशाऐवजीं दगडी कोळशाचा कोक वापरून लोखंड गाळलें; १८५६ सालीं बेसेमर यानें पोलाद करण्याची स्वस्त रीत काढली; १८६९ सालीं सुवेझचा कालवा उघडला; आणि आगगाडीनें तो माल घाटावर आणून टाकला. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरांत धावडांचा धंदा बसल्याची नोंद आहे, आणि कारणें हींच दोन: जंगलरक्षणामुळें महागलेलें जळण आणि बाहेरून आलेलें स्वस्त लोखंड. इकडे पाट्यावर मीठ वाटावें तसा तो धंदा वरून व खालून असा दोन्ही दगडांत चिरडला गेला.

देशांत लोखंडाचा धंदा पुन्हां उभा राहिला तो निराळ्या रूपानें. जमशेटजी टाटा यांचें लक्ष प्रथम आपल्याच चांदा जिल्ह्याकडे वेधलें होतें. १८८२ सालीं तेथील लोहारा येथल्या लोखंडाविषयींचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनांत आला. परंतु जवळच्या वरोऱ्याचा दगडी कोळसा त्या कामीं योग्य ठरला नाहीं आणि तो बेत राहून गेला. त्यांच्या पश्चात् १९०७ सालीं कंपनी स्थापन झाली आणि साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, १९११ सालच्या डिसेंबरांत पहिलें लोखंड निघालें. आपल्या दक्षिण महाराष्ट्रांत लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं किर्लोस्करवाडीस कारखाना मांडला आणि लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या दारीं आणला. कराडच्या शिवेवर ओगले बंधूंनीं कांचेचा कारखाना काढला आणि त्यांच्या प्रभाकर कंदिलानें घरोघर उजेड दिला. या उद्योगांचा आपणांस रास्त अभिमान आहे. परंतु भट्टीपुढें आयुष्य घालविणाऱ्या धावडास या नव्या कारखान्यांत कोणीं बोलावलें नाहीं; तो त्यांच्या उभारणीपूर्वींच गवत कापूं लागला होता.

परततांना नातवानें एक प्रश्न केला आणि तो आम्हांस मोलाचा वाटला. "पण आजोबा, कोळशासाठी ते झाडं तोडत होतेच ना? मग सरकारनं थांबवलं ते चांगलंच झालं." बंधूंनीं त्यास गप्प करण्याचा यत्न केला, पण मूल खोटें बोलत नव्हतें. शेंकडों भट्ट्या अव्याहत चालल्या असत्या तर कृष्णा-कोयनेच्या माथ्यावरील रान उरलें नसतें, आणि रान नाहीं तर झरे नाहींत, झरे नाहींत तर आमच्या संगमावर उन्हाळ्यांत पाणी नाहीं. रान राखणें आवश्यकच होतें. २००१ सालीं महाबळेश्वर-पांचगणीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला आणि २०१२ सालीं सह्याद्रीचीं कांहीं रानें, कास व कोयना यांसह, जागतिक वारशांत गणलीं गेलीं. या दोन्ही गोष्टींचें आम्ही स्वागतच करतों. परंतु न्यायाचा प्रश्न निराळा आहे. ज्या हातानें धावडाचा कोळसा बंद केला, त्याच हातानें साहेबाचे बंगले उठविले, त्यांसाठीं जांभा कापला आणि त्यांच्या शेगड्यांस लांकूड पुरविलें. रान राखण्याचा सारा भार एकाच्या डोक्यावर आणि रानाची सारी शोभा दुसऱ्याच्या खिडकींत, अशी ती वांटणी झाली. धंदा बंद करणें एक वेळ योग्य असेल. पण ज्याचा धंदा बंद केला त्यानें उद्यां काय खावें, हें न विचारणें कधींच योग्य नव्हे. कोयनेच्या धरणासाठीं आपल्याच जिल्ह्यांतील कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं. त्या गांवकऱ्यांच्या पुढच्या पिढ्यांसही हाच प्रश्न विचारावा लागला आहे. म्हणून धावडांची कथा जुनी असली तरी शिळी झालेली नाहीं.

मोठ्या खाणी बंद पडल्या म्हणजे निदान त्यांचा गाजावाजा होतो. कोलारची सोन्याची खाण तीन किलोमीटरांहून खोल गेलेली. १९०२ सालीं तिच्यासाठीं कावेरीवरच्या शिवसमुद्राहून वीज नेली. २००१ सालच्या फेब्रुवारींत ती बंद झाली तेव्हां वर्तमानपत्रांनीं रकाने भरले. तेथें आजही मातीचे प्रचंड ढिगारे उभे आहेत. कोणी विसरूं म्हटलें तरी विसरूं देत नाहींत. आमच्या डोंगरावरील काळ्या किटास तेवढी उंची नाहीं. बांधबंदिस्तीसाठीं आणि रस्त्याच्या भरावासाठीं कोणी चार टोपल्या उचलून नेल्या कीं एका पिढीचे श्रम तेथून पुसले जातात. आम्हांस त्या उतारावर असे ताजे खड्डे दिसलेही.

यास्तव आमची वाचकांस एवढीच विनंती आहे. महाबळेश्वरास जाल तेव्हां मुलांस असें कीट एकदां दाखवा, हातांत घेऊं द्या, आणि पुन्हां जागच्या जागीं ठेवावयास लावा. शाळांनीं सहलींत किल्ल्याबरोबर या जागांसही अर्धा तास द्यावा. गांवच्या पंचायतींनीं तेथें एक साधा दगड उभा करून 'येथें धावडांनीं लोखंड गाळलें' एवढीं चार अक्षरें कोरावीं. त्यास फारसा खर्च येणार नाहीं.

आणि घरच्या घरींही करण्यासारखें कांहीं आहे. खंडेनवमीस आपण विळी, अडकित्ता, कोयता, पहार हीं सारीं घासून पुसून देवापुढें मांडतों आणि त्यांस हळदकुंकू वाहतों. पुष्कळ जुन्या घरांत पणजोबांच्या वेळचा एखादा घडीव विळा किंवा कुदळ अजून आहे. त्या पूजेच्या वेळीं घरांतील वडील माणसानें मुलांस हें लोखंड कोणाच्या भात्यानें तापलें आणि त्या भात्याचें पुढें काय झालें, तें सांगावें. आमच्या घरीं येत्या आश्विनापासून हा परिपाठ ठेवण्याचें ठरलें आहे.